नाव नाही, उंचवटा

अरविंदा, तुझ्या तेराव्याची पितळी फुलपात्रं माझ्यासमोर गादीवर उपडी पडली आहेत आणि त्यांच्यावर अजून एक अक्षर उमटलेलं नाही. वहिनींना ती उद्या सकाळी हवीत. आज कल्याणचा बाजार बंद. शटर अर्धं खाली ओढून मी दुकानात एकटा बसलोय, हातात नाव घालायची बारीक छिन्नी आहे, आणि मला तुझा राग येतोय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? त्यांचं नाव कुणी कानशीनं घासून काढलेलं नाही.

तुझ्या प्रयोगशाळेतली मंडळी स्मरणिका काढतायत. मला म्हणाले, तुम्ही शाळेपासूनचे मित्र, चार ओळी लिहा. मी म्हटलं, चार ओळींत आमचं भांडणसुद्धा मावणार नाही. तुझ्या पदव्या, तुझे शोधनिबंध, तुझा मनमिळाऊ स्वभाव, हे सगळं बाकीचे लिहितील. मी आपलं भांडण लिहितो. ते अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट सौदा मला रात्री झोपू देत नाही, हे तुला माहीत आहे.

दहाव्याहून परतल्यावर नौपाड्यात तुमच्या घरी बसलेलो. शैलावहिनी म्हणाल्या, "भावोजी, तेराव्याला फुलपात्रं द्यायची आहेत. तुमच्याच दुकानातनं."

"देतो. नाव काय घालू?"

वहिनींनी आधी कॉटकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ह्यांना भांड्यांवर नावं आवडायची नाहीत. माझ्या रुखवताच्या भांड्यांवर आईनं नाव घातलं होतं, तेव्हासुद्धा हसले होते. भांडं पाणी प्यायला असतं, वाचायला नाही, म्हणाले. कोरीच द्यावीत असं वाटतं."

तुझ्या आई, माई, कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात. तशाच पडल्यापडल्या बोलल्या, "कोरं भांडं एकदा शेजारी गेलं की गेलंच. कुणाचं आहे ते कळतच नाही. नाव घाल रे बबन. नाव असलं की भांडं परत येतं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला दोघांपैकी कुणालाही नाही म्हणता येत नाही. तुम्हीच ठरवा."

आयुष्यभर मी ठरवायचं काम समोरच्यावर ढकलत आलो. भाव आधी बोलायचा नाही, आधी गिऱ्हाइकाला बोलू द्यायचं, ही माझी सगळी विद्या. आणि आता तुझ्या नावाचं मी एकट्यानं ठरवायचं, तेही तू समोर नसताना. घासाघीस करायला माणूसच नाही.

तुला डोंबिवलीची ती इमारत आठवते? तुझी नवी नोकरी, भाड्याची खोली, आणि मी डोक्यावर टोपली घेऊन स्टीलची भांडी विकत हिंडायचो. जुनं पितळ घ्यायचं, स्टील द्यायचं. त्या दिवसांत बायकांना पितळेचा कंटाळा आला होता, घासून घासून हात काळे व्हायचे. मी एका दारावर थाप मारली आणि दार तू उघडलंस. शाळा सुटल्यापासून भेट नव्हती. मला वाटलं, आता हा लाजेल. साहेब झालाय, दारात टोपलीवाला मित्र. तू माझ्या हाताला धरून जिन्यात आणलंस आणि वरच्या मजल्याकडे बघून ओरडलास, "अहो काकू, हा माझा वर्गमित्र! ह्याच्याशी हवी तेवढी घासाघीस करा, पण आधी चहा द्या. उपाशी असला की हा भाव उतरवत नाही!"

अख्ख्या इमारतीचं पितळ त्या महिन्यात माझ्याकडे आलं. ती माझी खरी सुरुवात. हे मी दुकानात कुणाला सांगत नाही. लोकांना वाटतं मी सगळं एकट्यानं उभं केलं, आणि मी त्यांना तसं वाटू देतो. पण तू ऐकतोयस, म्हणून लिहितो.

दुकान काढलं तेव्हा छापही तूच काढून दिलास. प्रत्येक दुकानदाराचा भांड्याच्या बुडाला छाप असतो, माझाही हवा होता. तू खोलीतली जुनी कंपासपेटी काढलीस, कर्कटकानं एक घागर आखलीस आणि तिच्या पोटात 'ब' लिहिलास. मी म्हटलं, ब जरा मोठा कर. तू म्हणालास, "मोठा केला तर घागर फुटेल. तू आहेस तेवढाच पुरे." त्या चित्रावरून मी पोलादी ठसा करून घेतला. त्या दिवसापासून माझ्या दुकानातून बिनछापाची एक वाटीसुद्धा बाहेर गेलेली नाही.

म्हणून मला इतकं लागलं. दुसऱ्या कुणी खरवडलं असतं तर दोन शिव्या देऊन विसरलो असतो. जो छाप तू काढलास, तोच तू घासलास.

नव्वदच्या आसपास, तुमची प्रयोगशाळा माजिवड्याच्या पुढे त्या जुन्या कारखान्याच्या आवारात आली होती तेव्हा, एका संध्याकाळी तू दुकानात आलास आणि स्टुलावर बसून विचारलंस, "बबन, कथील मिळेल?"

"कल्हईचं?"

"नाही रे, त्यात शिसं मिसळलेलं असतं. निखळ हवं. बाहेरून मागवायचं तर परवानग्यांतच वर्ष जाईल. बोटाएवढ्या पट्ट्या करून दे."

"कशाला?"

"जाळायला."

मग तू समजावायला बसलास. तुझं समजावणं म्हणजे माझ्या दुकानातली भांडी हलवणं. एक मोठी घागर ओढून घेतलीस, तिला टिचकी मारलीस. "ऐक. मोठा आवाज एकच वाटतो, पण त्याच्यावर बारीक बारीक सूर चढलेले असतात. दुप्पट, तिप्पट, चौपट. प्रकाशालाही असं करता येतं. कथलावर लेसरचा एक लहान फटका मारायचा. धातूची वाफ उठते, आणि ती साधी वाफ नाही, तिच्यातले अणू फुटून विजेनं भारलेले असतात. त्याला आम्ही प्लाझ्मा म्हणतो. मग त्या वाफेतनं दुसरा, प्रचंड जोराचा लेसर सोडायचा. तो अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर ओढतो, लांब नेतो, आणि लगेच उलटा फिरवून घरी आणून आपटतो. त्या आपटण्यातनं नवा प्रकाश निघतो. मूळच्या प्रकाशाच्या कितीतरी पट चढा."

"दुप्पट, तिप्पट?"

"नाही, इथं गंमत आहे. तिप्पट, पाचपट, सातपट, नऊपट. विषमच. सम नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आहेराचा आकडा. अकरा देतील, एकवीस देतील, दहा-वीस नाही देणार."

तू इतका हसलास की घागर कलंडली. म्हणालास, हे मी लेक्चरमध्ये सांगणार. सांगितलंस का रे कधी? आणि सांगितलंस तर 'एक मित्र म्हणतो' असं सांगितलंस, की माझं नाव घेऊन? बघ, मी पुन्हा तिथंच आलो.

मी विचारलं, हा प्रकाश दिसतो कसा? तू म्हणालास, डोळ्यांना दिसत नाही. जांभळ्याच्या पलीकडे अतिनील असतो, हा त्याच्याही पार टोकाचा. आणि हवेत जगत नाही, हवा त्याला गिळते. म्हणून सगळं काम निर्वात पेटीत.

"दिसत नाही, हवेत जगत नाही. मग त्याला जन्माला तरी कशाला घालतोस?"

तू गल्ल्यावरची माझी छिन्नी उचललीस, हीच, आत्ता माझ्या हातात आहे ती. "हिचं टोक जेवढं बारीक, तेवढं तुझं अक्षर बारीक. बरोबर? प्रकाशाचंही तसंच आहे. साध्या प्रकाशाचं टोक बोथट. हा जो निघतो त्याचं टोक इतकं बारीक की त्यानं जे लिहिता येईल, जे बघता येईल, ते आज कुणाला करता येत नाही. शिवाय तो शिस्तीचा आहे. तांबटांच्या आळीत दहा हातोडे वाटेल तसे पडतात तो गोंगाट. तेच दहा एका तालात पडले तर? हा तालातला प्रकाश आहे."

मला अर्धं कळलं. पण तुझे डोळे बघितले आणि ठरवलं, ह्याला कथील द्यायचं. पैशाचं तू काढलंस, तेव्हा मी हात झटकला. माझी अट एकच होती. प्रत्येक पट्टीवर माझा छाप राहील.

"प्रयोगाच्या पट्टीवर छाप?" तू म्हणालास.

"माझ्या दुकानातनं बिनछापाचं काही जात नाही. नको असेल तर राहू दे."

तू खूप वेळ डोकं खाजवलंस. मग म्हणालास, "बरं. मागच्या बाजूला. कोपऱ्यात." मी हात पुढे केला, तू टाळी दिलीस. सौदा झाला. अरविंदा, हे आधी मान्य कर. सौदा झाला होता.

काही महिन्यांनी तू निरोप दिलास, ये, तुझं कथील काय करतं ते बघ. मी धुतलेला शर्ट घालून, पेढे घेऊन आलेलो. पेढे तू दाराबाहेरच ठेवायला लावलेस. डोळ्यांना तो जाड चष्मा, खोलीत पंपांची घरघर, मधोमध पोलादाची पेटी आणि तिला बशीएवढी काच. तुझ्या कपाळावर घाम होता. तुझा चेहरा मी असा फक्त गणिताच्या पेपराला बघितला होता. कुणीतरी आकडे उलटे मोजले आणि आत टिचकीएवढा जाळ उठला. आवाज असा नाहीच, जीभ टाळ्याला लावून काढतो तसा एक टक्. पहिल्यांदा पडद्यावर काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तू पट्टी सरकवलीस, एक स्क्रू नखाएवढा फिरवलास आणि म्हणालास, "थांबा." मला उगाच वाटलं, आता नाही आलं तर कथलाला दोष येणार.

पुन्हा टक्. आणि पडद्यावर हिरवट रेघा उभ्या राहिल्या. कंगव्याच्या दातांसारख्या, एकमेकींपासून सुट्या.

तू माझा दंड इतका घट्ट पकडलास की वळ उठला. मग बोटानं दाखवत गेलास. ह्या पहिल्या रेघा मंद होत जातात बघ. आणि इथून पुढे? कमी होतच नाहीत, सारख्या ताकदीनं चालत राहतात. आणि इथं एकदम संपतात.

मी म्हटलं, "हे तर माझं गिऱ्हाईक. आधी उतरतं, मग एका जागी अडून बसतं, मग उठून जातं."

तुझी प्रयोगशाळेतली पोरं खो खो हसली. तू म्हणालास, "बघा, मी सांगत नव्हतो?" त्या क्षणी मी जगातला सगळ्यात सुखी भांडीवाला होतो. तिथंच निघून यायला हवं होतं.

पण तू मला वापरलेली पट्टी दाखवायला काढलीस. एका जागी मारा झाला की तिथं खड्डा पडतो, म्हणून पट्टी जरा जरा सरकवायची. सगळ्या पट्टीवर ओळीनं बारीक ठिपके. अगदी आम्ही भांड्यावर ठोकून नाव घालतो तसे. मला मजा वाटली. हसत हसतच मी ती उलटी केली, माझा छाप बघायला.

छाप नव्हता. कोपरा घासून साफ केलेला.

"हे काय?"

"अरे हो, ते सांगायचंच राहिलं. कथील मऊ असतं. तू मागून ठसा मारलास की पुढून फुगवटा येतो. दुसरा लेसर पट्टीच्या वरून केसाएवढ्या अंतरानं जातो. पट्टी तिरकी बसली की गेला सगळा खेळ. महिनाभर आम्ही शोधत होतो रेघा का येत नाहीत. शेवटी ठोकून सपाट केली, घासली."

"माझं नाव घासलंस."

"नाव नाही रे, उंचवटा घासला."

"त्या उंचवट्यावर काय होतं?"

"बबन, पोरांच्या समोर..."

"सौदा झाला होता की नाही? टाळी दिली होतीस की नाही? अडलं होतं तर मला बोलवायचंस. कोपरा वाढवून पट्टी केली असती, छाप बाहेर ठेवला असता, नंतर कापला असतास तरी चाललं असतं. विचारलंस का?"

तू म्हणालास, "इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी?" तो शब्द, अरविंदा. घासण्यापेक्षा तो शब्द मला लागला. डोक्यावर टोपली घेऊन ज्यानं जिने चढलेत त्याला नाव क्षुल्लक नसतं. तुला ते घरातून मिळालं होतं, दारावरच्या पाटीवर. मला ते पोलादात कोरून घ्यावं लागलं. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि निघालो. पेढे तिथंच राहिले. खाल्लेत ना? वहिनी म्हणाल्या खाल्लेत.

त्यानंतर आपण बोलायचो ते इतरांमार्फत. माईंच्या तब्येतीचं वहिनींकडून कळायचं. माझ्या मुलीच्या लग्नात तू पंगतीत बसलेलास, मी वाढायला आलो, तू पानावर आडवा हात धरलास. पुरे म्हणून, की माझ्याकडून नको म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मग गेल्या दिवाळीआधीची ती शेवटची भेट. दुकानात गर्दी होती. तू पायरीवर उभा. केस पांढरे, खांदे पडलेले. म्हणालास, "चांदीची पट्टी हवी."

मी गिऱ्हाइकाकडे बघत म्हटलं, "छाप मारून मिळेल."

"मी घासणार. आधीच सांगतो, मग शब्द मोडला म्हणू नकोस."

"मग सराफाकडे जा."

तू म्हणालास, "बबन, तुझं नाव मी कुठं कुठं घेतो तुला माहीत नाही."

"घेतलेलं नाव हवेत जातं. ठोकलेलं राहतं."

"हवेत जातं, हे खरं," तू म्हणालास. हसलास की काय कोण जाणे. आणि पायरी उतरलास. मला हाक मारायची होती, अरव्या, चहा तरी घेऊन जा. पण समोरची बाई कढईचा भाव पाडत होती, आणि मी भाव धरून ठेवला. कढई विकली गेली. तू पानदुकानाच्या कोपऱ्यावर एकदा वळून बघितलंस. मी बघितलं नाही असं दाखवलं, पण बघितलं.

आता ऐक. स्मरणिकेचं सांगायला तुझी मंडळी आली, त्यातली एक मुलगी दुकानाची पाटी वाचून थबकली. म्हणाली, "तुम्हीच बबन? म्हणजे खरंच माणूस आहे?"

मी म्हटलं, "का? नसायला काय झालं?"

ती गडबडली. म्हणाली, "नाही, म्हणजे... आमच्याकडे कथलाच्या पट्टीला बबन म्हणतात. सर म्हणायचे, आज चांदी नको, बबन लावा. हा बबन संपत आला, नवा काढा. आता तर दुसऱ्या पुरवठादाराची पट्टी आली तरी तिला बबनच म्हणतात. आम्हाला वाटायचं, काहीतरी जुना विनोद असेल."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. ती मंडळी गेल्यावर मात्र वजनाचा काटा उचलला आणि जमिनीवर आपटला. वर्षानुवर्षं तू रोज माझं नाव घेत होतास, मला पेटीत बसवून जाळत होतास, माझ्यातनं रेघा काढत होतास, आणि हे मला सांगायला तुला काय झालं होतं? त्या दिवशी पायरीवर उभं राहून एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं? मी चांदी दिली असती. कोरी दिली असती! नाही, कोरी नसती दिली. पण खाली उतरून आलो असतो.

वहिनींनी एका कापडी पिशवीत जुन्या पट्ट्याही दिल्यात. तू त्यांना सांगून ठेवलं होतंस म्हणे, बबनचं कथील बबनला जायला हवं. मी एकेक उलटी करून बघितली. प्रत्येकीचा कोपरा घासलेला. पण नुसता कानशीनं नाही, वर पॉलिश कागद फिरवून आरशासारखा केलेला. एवढं करायची गरज काय होती? प्रयोगाला नक्कीच नव्हती. माझ्या नावाच्या जागी मला माझं तोंड दिसलं, आणि ते मला फारसं आवडलं नाही.

असो. उजेड कमी होत चाललाय.

मघाशी सगळ्या फुलपात्रांच्या बुडाला नेहमीसारखा छाप मारला. तुझी घागर, माझा ब. मग कधी नव्हे ते आत बोट घालून तळ चाचपला. उंचवटा लागला. केसाएवढा असेल. पंचवीस हजार भांडी विकली असतील मी, पण आतून कधी हात फिरवला नव्हता. तेव्हा तेवढं तुझं खरं. उंचवटा येतो. लिहून देतो, तुझ्या पोरांना दाखव.

पण नावाचं मी ठरवलंय. आणि 'कै.' घातलेलं नाही. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. माईंना परत येणारं भांडं हवं होतं, आणि 'कै.' लिहिलेलं कोण परत येतं? नुसतं अरविंद. मशीन आहे दुकानात, पण ते लावलं नाही. छिन्नीनं, ठिपक्याला ठिपका लावून, तुझ्या त्या पट्टीवर होते तसे, खोल ठोकतोय. पहिलं फुलपात्र झालं. वाचता येतंय.

तुला आवडणार नाही, माहीत आहे. कानस गल्ल्यावर काढून ठेवलीय. शटर अर्धंच ओढलंय. ये, आणि घासून काढ.